साच्याची वाळू म्हणजे साधी वाळू नव्हे : सिलिका वाळूच्या गाळाचा आणि धुळीचा हिशेब मागणारं खुलं पत्र

प्रति,
सिलिका वाळूचे खाणपट्टे मंजूर करणारे, धुलाई केंद्रांना संमती देणारे आणि तिथल्या कामगारांच्या आरोग्याची जबाबदारी असणारे सर्व अधिकारी, सिंधुदुर्ग जिल्हा व महाराष्ट्र राज्य

प्रत : ही वाळू विकत घेणाऱ्या फौंड्र्या आणि काच कारखाने

सप्रेम नमस्कार,

कणकवली तालुक्यातल्या कासार्डे परिसरात आणि फोंडाघाट-वैभववाडीच्या पट्ट्यात जांभ्याखाली पांढरट, हातानेही चुरडला जाईल असा वाळूखडक लागतो. भूवैज्ञानिक त्याला कलादगी गटात धरतात. पोकलेनने तो काढायचा, पाण्याच्या झोताखाली फोडायचा, धुवायचा, सुकवायचा, जाळ्यांवरून चाळायचा, आणि घाट चढवून कोल्हापूरच्या फौंड्र्यांना पोचवायचा. पंपाचं आवरण आणि इंजिनाचे भाग ज्या साच्यात ओतले जातात, तो साचा या वाळूचा. खिडकीची काच, सोडियम सिलिकेट आणि नगरपालिकेच्या पाणी गाळण्याच्या टाकीतला थर यांनाही अशीच स्वच्छ वाळू लागते.

पत्र लिहिणाऱ्या आमच्यापैकी काहीजण खाणीवर आणि धुलाई केंद्रांवर देखरेख करतात, काहीजण फौंड्रीच्या प्रयोगशाळेत वाळू तपासतात, आणि काहींची भातशेती या केंद्रांच्या खालच्या अंगाला व्हाळाकाठी, म्हणजे ओढ्याकाठी आहे. खाणी बंद करा, अशी आमची मागणी नाही. या वाळूवर आमचीच पोटं आहेत. पण केंद्रांची गाळाची तळी एप्रिलमध्येच काठोकाठ भरलेली असतात आणि मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात व्हाळ पांढरा होतो. मग पंचनामा होतो आणि पुढच्या एप्रिलपर्यंत कागद फाइलीत राहतो. हे दरवर्षी गुपचूप पाहणं आता आम्हाला जमणार नाही.

पहिला मुद्दा कायद्याचाच आहे. १९५२ च्या खाण अधिनियमातलं कलम ३ काढून पाहावं. मुरूम, जांभा, साधी चिकणमाती, साधी वाळू यांच्या लहान उघड्या खाणींना त्या कायद्याने बऱ्याच तरतुदींतून सूट दिली होती. अट अशी, की खोली कुठेही ६ मीटरच्या वर नसावी, माणसं ५० च्या वर नसावीत आणि सुरुंग वापरलेला नसावा. मात्र 'साधी वाळू' या शब्दांपुढे कंसात स्पष्ट लिहिलं होतं : साच्याची वाळू, काचेची वाळू आणि इतर खनिज वाळू वगळून. ही वाळू नदीच्या वाळूसारखी नाही, हे सत्तर वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. पुढे १० फेब्रुवारी २०१५ रोजी केंद्राने ३१ खनिजं गौण ठरवली. त्यांत सिलिका वाळू आली आणि तिचा कारभार राज्याकडे गेला. 'गौण' हा शब्द कोण नियम करणार एवढंच सांगतो, धोका किती ते सांगत नाही. कचेरीच्या टेबलावर मात्र त्या दिवसापासून सिलिका, मुरूम आणि खडी एकाच रांगेत बसली. २० फेब्रुवारी २०२५ ला क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक आणि बराइट ही खनिजं पुन्हा प्रमुख खनिजांत घेतली गेली. सिलिका वाळू होती तिथेच राहिली. क्वार्ट्झ आणि ही वाळू रसायनाने एकच आहेत. खनिकर्मात शिकलेल्या कुणालाही हा फरक समजावून सांगता येणार नाही.

दुसरा मुद्दा गाळाचा, आणि तो थोडा सविस्तर मांडतो, कारण सगळ्याचं मूळ इथे आहे.

आज हिशेब फक्त बाहेर जाणाऱ्या गाडीचा होतो. वाहतूक पास फाडला की सरकारच्या दृष्टीने काम संपतं. पण खाणीतून निघालेला सगळा माल गाडीत चढत नाही. कच्च्या मालात चिकणमाती आणि ७५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण असतात, आणि फौंड्रीला ते चालत नाहीत. रेझिनने बांधायच्या साच्याच्या वाळूत चिकणमाती साधारण अर्ध्या टक्क्याच्या आत लागते. ती वाढली की महाग रेझिन मातीच शोषून घेते, साचा कच्चा राहतो आणि ओतकाम फुकट जातं. म्हणून वाळू धुवावीच लागते, आणि धुतली की गाळ निघणारच.

आता आकडे मांडू. उदाहरणासाठी १०० टन कच्च्या मालात २० टक्के गाळ धरा. ८० टन वाळू गाडीत गेली आणि २० टन गाळ मागे उरला. हे वजन कोरड्या गाळाचं, पण गाळ कोरडा नसतो. तळ्यात बसलेल्या गाळात वजनाने ३० टक्के घनभाग आणि ७० टक्के पाणी धरलं, तर या २० टनांना ५४ घनमीटर जागा लागते. ब्रासमध्ये सांगायचं तर १९ ब्रास. दुसरीकडे, १०० टन खडक काढल्यावर खाणीत जो खड्डा पडतो तो, खडकाची घनता २ धरली तर, ५० घनमीटरचा. म्हणजे काढलेल्या मालाचा पाचवा हिस्सा गाळ झाला, तरी तो पातळ गाळ त्याच खड्ड्यात मावत नाही. 'गाळ खड्ड्यात परत टाकू' हे वाक्य अनेक आराखड्यांत सहज लिहिलेलं असतं. हे गणित एकदा मांडून पाहिलं असतं, तर ते वाक्य असं मंजूर झालं नसतं. हाच गाळ फिल्टर प्रेसमध्ये दाबून घनभाग ७५ टक्क्यांवर नेला, तर १४ घनमीटर होतो, म्हणजे ५ ब्रास. तो डंपरमध्ये भरता येतो, खड्ड्यात थराथराने दाबता येतो, आणि तपासणीत योग्य ठरला तर विटा-कौलांनाही देता येतो.

महसुलाच्या दृष्टीनेही गाळाकडे पाहावं, ही कळकळीची विनंती आहे. ज्या केंद्राच्या पासांवर १,००० टन धुतलेली वाळू दिसते, तिथे वरच्या प्रमाणात २५० टन कोरड्या गाळाइतका गाळ आवारात सापडला पाहिजे. सापडला नाही, तर तो कुठेतरी वाहून गेला. ५०० टन सापडला, तर पासाशिवाय आणखी १,००० टन वाळू बाहेर पडली. विनापरवाना उत्खननाला जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. त्यासाठी रात्री रस्त्यावर गाड्या अडवत बसण्याची गरज नाही. कच्च्या मालाचा नमुना धुऊन गाळाचं प्रमाण काढा, तळी मोजा आणि पासांशी ताडून पाहा. आवारात पडलेला गाळ कुणालाही लपवता येत नाही.

मोजमापाचा गोंधळ याच हिशेबात भर घालतो. वाळू ब्रासवर मोजायची की टनावर, हे सगळीकडे एकसारखं नाही. चार-सहा टक्के ओलाव्याची वाळू फुगते आणि कोरडीपेक्षा वीस ते तीस टक्के जास्त जागा घेते. सुकी वाळू ब्रासला सव्वाचार ते साडेचार टन भरते, ओली तेवढी भरत नाही. आकारमानावर पास आणि वजनावर विक्री झाली, की मधला फरक कुणाच्याच वहीत येत नाही. वजनकाटा आणि ओलाव्याची नोंद, दोन्ही पासावर हवीत.

तळ्यांबद्दल बोलायचं तर, संमती देताना 'गाळ बसवण्याचं तळं आहे' अशी एक ओळ पुरेशी मानली जाते. तळं किती मोठं, हे विचारलं जात नाही. स्थिर पाण्यात ७५ मायक्रॉनचा कण एक मीटर खाली जायला तीन-साडेतीन मिनिटं घेतो. २० मायक्रॉनच्या कणाला पाऊण तास लागतो. ५ मायक्रॉनच्या कणाला बारा तास, आणि २ मायक्रॉनच्या मातीच्या कणाला तीन दिवसांच्या वर. केंद्रातून तासाला ५० घनमीटर गढूळ पाणी बाहेर पडत असेल, तर ५ मायक्रॉनपर्यंतचे कण बसायला कमीत कमी ६२० चौरस मीटर, म्हणजे सहा गुंठ्यांचं तळं लागतं. २ मायक्रॉनपर्यंत जायचं तर अडतीस गुंठे. हेही वारा नाही, भोवरा नाही, तळं गाळाने भरलेलं नाही असं धरून. तीन-चार गुंठ्यांचं, निम्मं भरलेलं तळं दाखवून 'स्वच्छ पाणी सोडतो' असं कुणी म्हणत असेल, तर ते शक्यच नाही. त्यासाठी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याचीही गरज नाही.

त्यावर उपाय आहे आणि तो नवा नाही. तुरटीने किंवा पॉलिअॅक्रिलामाइडसारख्या द्रव्याने बारीक कण एकत्र गोळा होतात आणि लवकर बसतात. थिकनर, म्हणजे गाळ खाली दाट करून वरचं पाणी वेगळं करणारी टाकी बसवली, तर बरंचसं पाणी धुलाईला परत फिरतं आणि विहिरीवरचा उपसा कमी होतो. इथे चुका होतात त्या अशा : द्रव्य अंदाजाने टाकतात, जास्त झालं की गाळ चिकट होऊन प्रेसची कापडं तुंबतात, मग प्रेस बंद ठेवून पाणी सरळ सोडून देतात. द्रव्याचं प्रमाण ठरवायला एका पातेल्यातली दहा मिनिटांची चाचणी पुरते. ती रोज करायला हवी, कारण खाणीच्या तोंडाचा माल बदलला की मातीही बदलते.

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दहा गुंठ्यांच्या तळ्यात नुसत्या आभाळातून तीन हजार घनमीटर पाणी येतं. वरच्या उताराचं पाणी वळवणारा चर नसेल, तर त्याच्या कितीतरी पट. तळं फुटण्यामागे बांध कच्चा असण्यापेक्षा हा चर नसणं, हे कारण आम्ही जास्त वेळा पाहिलं आहे. आणि हा बारीक गाळ भातखाचरात शिरला, की वर पापुद्रा धरतो, वाळल्यावर पत्र्यासारखा कडक होतो आणि रोपाच्या मुळाशी हवा जाऊ देत नाही. पंचनाम्यात 'शेतात पाणी शिरले' असं लिहिलं जातं. पाणी ओसरतं, गाळ तिथेच राहतो आणि पुढच्या वर्षीही पीक खातो.

तिसरा मुद्दा धुळीचा. त्यावर बोलताना आवाज चढू नये, याचा आम्ही प्रयत्न करतो आहोत.

खाण ओली असते, धुलाई ओली असते. धोका सुरू होतो तो वाळू सुकल्यावर : उघड्या खळ्यावर फावड्याने पसरताना, कोरड्या चाळणीवर, मोठे दाणे फोडण्याच्या यंत्रापाशी, गोणी भरताना आणि संध्याकाळी झाडू मारताना. १० मायक्रॉनपेक्षा बारीक कण डोळ्याला दिसत नाही, आणि त्यातला ५ च्या आतला फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो. नुकताच फुटलेला क्वार्ट्झचा कण जुन्यापेक्षा जास्त इजा करतो. तोंडाला बांधलेला रुमाल या कणांना अडवत नाही. या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसाच्या आजारावर औषध नाही. धूळ थांबल्यावरही आजार वाढत राहतो, आणि अशा फुप्फुसाला क्षयरोग लवकर गाठतो. सिलिकाची ही स्फटिक धूळ माणसाला कर्करोग करते, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच दिला.

कारखाने अधिनियम १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत श्वसनीय धुळीच्या, म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणाऱ्या बारीक धुळीच्या मर्यादेचं सूत्र दिलं होतं : १० भागिले, धुळीतली क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २. उत्तर येतं ते मिलिग्रॅम प्रति घनमीटर. आपल्या वाळूची धूळ ९८ टक्के क्वार्ट्झची धरली, तर मर्यादा येते ०.१ मिलिग्रॅम. अमेरिकेने २०१६ मध्ये ती ०.०५ वर आणली. मिनिटाला दोन लिटर हवा ओढणारा छोटा पंप कामगाराच्या कमरेला आठ तास लावला, की जवळपास एक घनमीटर हवा गाळली जाते. गाळणीचं वजन आधी आणि नंतर करायचं, क्वार्ट्झ तपासायचा, झालं. एवढी साधी ही मोजणी आहे. आमच्या ओळखीच्या एकाही चाळणीवर ती कधी झालेली नाही.

वीसपेक्षा कमी माणसांचं केंद्र कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही, आणि बहुतेक चाळण्या तेवढ्याच असतात. माणसं ठेकेदाराची असतात, हंगामाला येतात आणि हंगाम संपला की जातात. खोकला सुरू होतो तेव्हा ती दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या राज्यात असतात. एक्स-रेवर डाग दिसतो, क्षयाच्या गोळ्या सुरू होतात, आणि 'आधी कुठे काम करत होता?' हा प्रश्न कुणी विचारत नाही. सिलिकोसिस हा शासनाला कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. जुन्या कायद्यांच्या यादीत तो होता, कामगार-सुरक्षेच्या नव्या संहितेच्या यादीतही आहे. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतही तो होता. पण निदानच झालं नाही, तर कळवणार काय आणि भरपाई मागणार कोण?

असं दुर्लक्ष पुढे कुठे जातं, ते देशाने पाहिलं आहे. गोध्रा परिसरातल्या क्वार्ट्झ दळण्याच्या कारखान्यांत मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर, झाबुआ आणि धार जिल्ह्यांतले आदिवासी मजूर गेले. त्यांतल्या २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत, असं राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० मध्ये सांगितलं. ते पैसे गुजरात सरकारने द्यावेत, यासाठी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. राजस्थानने २०१९ मध्ये स्वतंत्र धोरण केलं : आजार प्रमाणित झाल्यावर ३ लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख. आपल्या राज्यानेही आधी मृत्यू मोजून मग धोरण करावं, हे आम्हाला मान्य नाही.

धूळ आवरण्याचे मार्ग माहीत आहेत. वाळू खळ्यावर न सुकवता बंद ड्रायरमध्ये सुकवावी. चाळणीला पूर्ण झाकण आणि शोषण नळी असावी. गोणीच्या तोंडाशी धूळ ओढून घेणारा हूड लावावा, तो तोंडापासून हातभर अंतरावर नसावा. झाडूऐवजी ओलं पुसणं किंवा व्हॅक्यूम. कपडे झटकायला हवेचा पाइप कधीही नको. आणि ज्यांच्याकडे बॅग फिल्टर आहे, त्यांनी फाटलेल्या पिशव्या बदलाव्यात. दाबमापकाचा काटा एकदम खाली आला, की पिशवी फाटली असं समजावं. पुष्कळ ठिकाणी तो काटाच बंद पडलेला असतो. एन-९५ मुखपट्टी हा यानंतरचा, शेवटचा उपाय.

खाणीच्या कडेबद्दल थोडक्यात. अशा मऊ जमिनीत कडेचा उतार ४५ अंशांच्या आत ठेवावा, नाहीतर दीड मीटरपेक्षा उंच नसलेल्या आणि उंचीइतक्याच रुंद पायऱ्या सोडाव्यात, असा १९६१ च्या विनियमांतला नियम आहे. सरळ तासलेली उभी कड कुठे दिसली, तर तिथे तो मोडलेला आहे. पावसात जांभ्याखालची वाळू आधी सुटते आणि वरचा जांभा अखंड खाली येतो.

खरेदीदार फौंड्रीमालकांनाही दोन शब्द. आपल्या खरेदी आदेशात दाणा किती बारीक ते सांगणारा एएफएस क्रमांक असतो, चिकणमातीची टक्केवारी असते, ओलावा असतो. ५७३ अंशांना क्वार्ट्झ एकदम फुगतो आणि ओतकामावर शिरा उठतात, म्हणून दाण्याबद्दल आपण किती काटेकोर असता, हे आम्ही रोज पाहतो. त्याच आदेशात गाळ कुठे गेला, याची एक ओळ घाला. जो पुरवठादार प्रेस चालवतो त्याचा दर टनामागे थोडा जास्त येतो, आणि आज तो या दरातच हरतो. गाळ व्हाळात सोडणारा स्वस्त पडतो. फ्युरान रेझिनची वापरलेली वाळू यंत्राने घासून ८० ते ९० टक्के परत वापरता येते. तेवढी नवी वाळू लागतच नाही, आणि टाकाऊ वाळूचे ढीगही कमी होतात.

आमच्या मागण्या :

१. प्रत्येक खाणपट्ट्याने आणि धुलाई केंद्राने दरमहा चार आकडे द्यावेत : काढलेला कच्चा माल, बाहेर गेलेली वाळू, उरलेला गाळ आणि वापरलेलं पाणी. ते जिल्ह्याच्या संकेतस्थळावर सर्वांना दिसावेत.

२. वाहतूक पास फक्त वजनावर द्यावा, ओलाव्याच्या नोंदीसह. ताडपत्रीशिवाय गाडी काट्यावरून सोडू नये.

३. संमतीपत्रात तळ्याचं क्षेत्रफळ आणि पाण्याचा तासाचा प्रवाह लिहावा, आणि त्यांचं गणित जुळत नसेल तर थिकनर किंवा फिल्टर प्रेस सक्तीचा करावा. लहान केंद्रांना एकट्याने प्रेस परवडत नाही, म्हणून चार-पाच केंद्रांसाठी एक सामाईक प्रेस उभारायला मदत द्यावी.

४. दर वर्षी ३१ मेपूर्वी प्रत्येक तळं रिकामं करून घ्यावं. बांध आणि वरचा चर ग्रामपंचायतीच्या उपस्थितीत तपासावा.

५. कोरड्या चाळणीवर, माणसं कितीही कमी असोत, वर्षातून दोनदा श्वसनीय धूळ मोजावी आणि आकडा दारावर लावावा.

६. ठेकेदारासह प्रत्येक कामगाराची नोंद ठेवून त्याला स्वतःकडे ठेवता येईल असं आरोग्यपत्र द्यावं. छातीचा एक्स-रे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वर्गीकरणानुसार वाचला जावा, सोबत श्वसनक्षमतेची चाचणी व्हावी. खर्च जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून करावा. तो निधी खाणबाधितांसाठीच आहे.

७. जिल्ह्यातल्या क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाला वाळू, दगड किंवा फौंड्रीच्या कामाबद्दल विचारणं आणि उत्तर केसपेपरवर लिहिणं बंधनकारक करावं.

८. सिलिकोसिसग्रस्तांसाठी राज्याने राजस्थानप्रमाणे लेखी धोरण आणि ठरलेली रक्कम जाहीर करावी.

पहिल्या चार मागण्यांसाठी नवा कायदा लागत नाही. संमतीच्या अटी, पास आणि तपासणी आज आपल्याच हातात आहेत. मोजणी कशी करायची, नमुना कुठून घ्यायचा, गाळाचं प्रमाण कसं काढायचं, हे दाखवायला आम्ही आमच्या वेळेने आणि आमच्या खर्चाने येऊ. आपण तारीख कळवावी, फक्त ती मेअखेरच्या आतली असावी. जूनमध्ये तळी आणि व्हाळ एक झाले की मोजायला काही उरत नाही.

आपले,
सिलिका वाळूच्या कामातली आणि व्हाळाकाठची काही माणसं